नवीन माणूस कामाला लागला, पण त्याला शिकवणार कोण?

आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतनं सकाळी एक चक्कर मारा, गेटागेटावर "ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत" असे बोर्ड दिसतील. मालक मंडळी म्हणतात पोरं टिकत नाहीत, पोरं म्हणतात तिथं कोण काय सांगतच नाही. माझ्या मते दोघं पण खरं बोलतात, कारण मी दोन्हीकडं उभा राहिलोय. आधी ऑपरेटर होतो, मग सुपरवायझर झालो, आणि आता नवीन भरतीला शिकवायचं काम बघतो.

ट्रेनिंग हा शब्द सध्या सरकारी कागदावर पण लई येतोय. २०२४ ला राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, लोक तिला लाडका भाऊ म्हणतात. बारावीवाल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, थेट खात्यावर. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायलाच पाहिजे असं आलंय. चांगलंच आहे हे. पण पत्र हातात आलं, खात्यावर पैसे आले, आणि पोरगं मशीनपुढं उभं राहिलं की पुढं काय? त्याला शिकवायचं काम नेमकं कुणाचं, हे बहुतेक ठिकाणी कुणालाच ठाऊक नसतंय. सुपरवायझरला वाटतं ऑपरेटर शिकवंल, ऑपरेटरला वाटतं एचआरनं शिकवलं असंल, आणि एचआरवाल्या मॅडमनी तर सही घेऊन फाईल बंद केलेली असते.

इंडक्शन झालं म्हणजे ट्रेनिंग झालं नव्हे

हे दोन शब्द सगळीकडं एकमेकांत मिसळतात म्हणून एकदाच सांगतो. इंडक्शन म्हणजे ओळख. कंपनी काय बनवते, पंचिंग कुठं करायचं, सेफ्टी शूज घाला, पगार कधी. ट्रेनिंग म्हणजे हातातलं काम यायला लागणं. आणि तिसरी गोष्ट, ज्याला कंपन्यांमध्ये ऑनबोर्डिंग म्हणतात आणि आपण साधं "रुळणं" म्हणतो, ती या दोन्हीपेक्षा मोठी. त्यात काम पण आलं, माणसं पण आली आणि "इथं कसं चालतंय" हे पण आलं.

माझी आई पन्नास वर्षं स्वयंपाक करते. पण मावशीच्या घरी गेली की मीठ कुठल्या डब्यात आहे हे तिला पण विचारावंच लागतंय, आणि मावशी शेजारी गेली असंल तर आई पाच मिनिटं डबे उघडत बसते. आईला स्वयंपाक येत नाही असं कोण म्हणंल का? पण कारखान्यात आपण नेमकं तेच म्हणतो. दुसऱ्या कंपनीतनं पाच वर्षांचा अनुभव घेऊन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात चाचपडला की लगेच "कसला अनुभव याचा" सुरू होतं. त्याला काम येतंय हो, तुमचे डबे माहीत नाहीत.

बावीस जॉब आणि एक चिप

आता माझीच चूक सांगतो. मी नुकताच सुपरवायझर झालो होतो, कंपनीचं नाव राहू दे. आयटीआय झालेलं एक पोरगं आलं, हुशार होतं. पंपाच्या बॉडीचं मशीनिंग चालू होतं, मशीनवर चढवायच्या अशा एकेका नगाला आम्ही जॉब म्हणतो. मी त्याला उभ्या उभ्या सांगितलं, जॉब फिक्स्चरवर (म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या बैठकीवर) ठेव, क्लॅम्प आवळ, मशीनचं दार लाव, सायकल स्टार्टचं बटण दाब. झालं की काढ आणि पुढचा ठेव. त्यानं मान हलवली, मी गेलो, माझ्या डोक्याला डिस्पॅचचं टेन्शन होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी क्वालिटीवाला आला. बावीस जॉब रिजेक्ट, फेस, म्हणजे कापलेली सपाट बाजू, तिरका जातोय. मी तापलो, पोराला नको नको ते बोललो. ते गप्प उभं, कानाची पाळी लाल झालेली. मग मी म्हटलं कर बघू माझ्यासमोर. त्यानं केलं, आणि मी सांगितलं होतं अगदी तसंच केलं, एक पायरी चुकली नाही. मला कळंना. म्हटलं सरक बाजूला, आता बघ मी करतो. मी जॉब उचलला आणि ठेवायच्या आधी माझा डावा हात आपोआप एअर गनकडं गेला, फिक्स्चरच्या तिन्ही पॅडवर फुस्स फुस्स फुस्स हवा मारली आणि वरनं अंगठा फिरवला. पोरगं म्हणालं, "सर, हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

खरंच सांगितलं नव्हतं. कारण मी हे करतो हेच मला माहीत नव्हतं! पॅडवर केसाएवढी चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, राहिली की जॉब तिच्यावर टेकतो, तिरका बसतो आणि तिरकाच कापला जातो. इतक्या वर्षांत माझ्या हाताला ती सवय लागलेली, डोक्याला पत्ता नाही. बोलणी मात्र त्या पोरानं खाल्ली. पुढच्या पगाराला ते गेलं, मी अडवलं पण नाही, कुठल्या तोंडानं अडवणार.

ज्याला येतंय त्यालाच सांगता येत नाही

हे माझं एकट्याचं नाही, याच्यावर अभ्यास झालेत आणि त्याला "ज्ञानाचा शाप" म्हणतात. एखादी गोष्ट आपल्याला येत नव्हती तेव्हा कसं वाटायचं हे आपण विसरून जातो, एवढाच त्याचा अर्थ. १९९० ला अमेरिकेत स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीनं मजेशीर प्रयोग केला. काही जणांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर नुसती बोटानं वाजवायला लावली आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली ३.

घरी करून बघा. कुठलीही आरती टेबलावर बोटानं ठोका, तुमच्या डोक्यात टाळ-झांजा सगळं वाजत असतंय आणि पुढच्याला नुसतं टकटक ऐकू येतंय. मी त्या पोराला जे सांगितलं ते टकटकच होतं.

आपल्याकडं याचं एक नंबर उदाहरण म्हणजे गुऱ्हाळावरचा गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्याला फुगे बघून, वास घेऊन, थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी कशी होते ते बघून कळतं. त्याला विचारा, "कधी उतरवायचं ओ?" तो म्हणणार, "आला की कळतंय." खोटं बोलत नाही आणि लपवत पण नाही, त्याच्या हाताला आणि नाकाला जे माहीत आहे ते त्याच्या जिभेपर्यंत आलेलंच नाही. म्हणून सगळ्यात भारी कारागीर सगळ्यात भारी मास्तर असंलच असं नाही, आणि आपण नेमकं उलट करतो. सगळ्यात फास्ट ऑपरेटरच्या शेजारी नवीन पोरगं उभं करतो आणि म्हणतो बघून घे. ते बघतंय, पण काय बघायचं हे त्याला कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी सगळं ओतायची हौस

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी. काही ठिकाणी पहिल्या दिवशी एसी रूममध्ये बसवून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पीपीटी दाखवतात. कंपनीचा इतिहास, क्वालिटी पॉलिसी, फाईव्ह एस, रजेचे नियम, आगीचा बंब, सगळं एका दमात. बारीक तोंडाच्या बाटलीत बादलीनं तेल ओतल्यासारखं आहे ते, बाटलीत घोटभर आणि बाकी फरशीवर.

माणूस नवीन असतो तेव्हा एका वेळी तीन-चार नव्या गोष्टींपेक्षा जास्त डोक्यात धरू शकत नाही, यावर संशोधकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. आणि धरलेलं पण गळतं. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ ला ते छापले. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं, दुसऱ्या दिवशी साधारण एक तृतीयांश उरलं. अर्थ नसलेली अक्षरं आणि खरं काम यात फरक आहे, कामातलं एवढ्या लवकर जात नाही हे मान्य. पण उजळणी नसली की गळतं हे कुणालाच चुकलेलं नाही. म्हणून सहा तास एका दिवशी देण्यापेक्षा रोज एक तास सहा दिवस द्या, वेळ तेवढाच लागतो आणि टिकतं मात्र कितीतरी जास्त.

चार पायऱ्या, ऐंशी वर्षं जुन्या

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची अडचण आपल्या एमआयडीसीसारखीच होती, फक्त मोठी. शिकलेले कामगार लढाईवर आणि कारखान्यात अशी माणसं, त्यात बायका पण आल्या, ज्यांनी आयुष्यात लेथ बघितलेलं नाही. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात सरकारनं सुपरवायझर लोकांनाच शिकवायला शिकवलं, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एकूण दहा तास. त्याचं मूळ चार्ल्स ॲलन या माणसाच्या पद्धतीत होतं, त्यानं पहिल्या महायुद्धात जहाज बांधणाऱ्यांना असंच शिकवलं होतं. युद्धानंतर हे जपानला गेलं आणि टोयोटानं ते धरून ठेवलं.

पद्धत चार पायऱ्यांची आहे. पहिली, माणसाला तयार करा, म्हणजे त्याची भीती घालवा, त्याला आधी काय येतंय ते विचारा. दुसरी, एकेक टप्पा सांगत आणि दाखवत काम करून दाखवा. तिसरी, त्याच्याकडनं करून घ्या, आणि नुसतं करून नाही, परत करताना प्रत्येक खुबी त्याला तोंडानं सांगायला लावा. चौथी, त्याला एकट्याला सोडा पण मदतीला कुणाकडं जायचं ते नाव घेऊन ठरवून द्या, सुरुवातीला सारखं बघा आणि मग हळूहळू बघणं कमी करा. आणि त्याला आलं नाही तर शिकवणारा कमी पडला असं धरायचं, हे त्या पद्धतीचं मुख्य सूत्र.

हे वाचून "यात काय विशेष" असं वाटलं तर बरोबरच आहे, कोल्हापूरकराला यात नवीन काय वाटणार? तालीम या शब्दाचा अर्थच ट्रेनिंग. गंगावेशला किंवा मोतीबागेत नवीन पोरगं आलं तर वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी खासबागेच्या मैदानात उतरवतो का? आधी माती, मेहनत, मग एखादा जुना पैलवान त्याच्याशी जोर करतो, डाव सावकाश टाकतो, मुद्दाम टाकू पण देतो. आणि वस्ताद कडेला बसून बघत असतो. मुद्दा असा की तिथं वस्ताद ठरलेला असतो. कारखान्यात नुसता हौदा, म्हणजे कुस्तीची माती तेवढी असतेय, वस्ताद नाही.

या सगळ्यातली दुसरी पायरी जमायला एक कागद लागतो, तीन रकान्यांचा. पहिल्या रकान्यात पायरी, दुसऱ्यात खुबी, तिसऱ्यात ती का. माझ्या त्या पंपाच्या बॉडीचा कागद असा झाला असता: "जॉब ठेवणे", खुबी "आधी तिन्ही पॅडवर हवा मारणे, अंगठा फिरवणे", का तर "चिप राहिली की फेस तिरका". बस. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तिथंच फसतात, कारण "का" हे माहीत नसलं की पोरगं घाईत ती पायरी उडवतं, आणि माहीत असलं की उडवत नाही.

हा कागद शिकवणाऱ्यानं एकट्यानं ऑफिसात बसून लिहायचा नाही. जुन्या ऑपरेटरला काम करू दे आणि तिसऱ्याच कुणीतरी शेजारी उभं राहून त्याचे हात बघून लिहायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढून परत परत बघितला तर अजून बरं, आपल्या हाताची फुस्स फुस्स तिथं दिसते. फौंड्रीत आता बिहार, ओडिशाकडची पोरं पण भरपूर आहेत, त्यांच्यासाठी मराठी कागदापेक्षा दोन फोटो शेजारी लावलेले बरे, एक बरोबर बसलेल्या जॉबचा आणि एक चुकीचा.

डबा कुणाबरोबर खायचा?

हे हसण्यावारी नेऊ नका. माझ्या पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी मी डबा पार्किंगमध्ये गाडीवर बसून खाल्ला, कारण कॅन्टीनमध्ये सगळे आपापल्या गटात बसलेले आणि मला कोण बस म्हणालं नाही. भाकरी, झुणका, खर्डा होता, अजून लक्षात आहे. तीन दिवस तसंच. चौथ्या दिवशी टूलरूमच्या एका काकांनी हाक मारली, "ए नवीन, हिकडं ये की रं, तिथं काय गाड्या राखतोयस व्हय?" त्या एका हाकेनं मी तिथं चार वर्षं काढली असं म्हटलं तर फार खोटं नाही.

नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात पडणारे प्रश्न असलेच असतात. संडास कुठाय, बायकांचा वेगळा आहे का आणि त्याला कडी आहे का, पाणी कुठलं प्यायचं, चहाला किती वेळ गेलं तर चालतंय, साहेबाला सर म्हणायचं की दादा, माप तपासायचं गेज पडून वाकलं तर सांगायचं कुणाला. हे प्रश्न मोठ्या साहेबाला कोण विचारत नाही, लाज वाटते. म्हणून एक बरोबरीचा जोडीदार ठरवून द्यायचा, त्याला बडी म्हणा नाहीतर दोस्त म्हणा, तीन-चार वर्षं जुना, फार सिनिअर नको. त्याला पहिला महिना थोडं टार्गेट कमी द्या. टार्गेट तेवढंच ठेवून वर "याला पण सांभाळ" म्हटलं तर तो त्या पोराला ओझं समजणारच, मी पण समजलो असतो.

दुकान-ऑफिसात पण हेच. महाद्वार रोडच्या साडीच्या दुकानात नवीन पोरगी लागली तर घडी घालायला ती शिकंल, पण "गिऱ्हाईक भाव पाडतंय तेव्हा किती सोडायचं आणि शेठना कधी हाक मारायची" हे कुणीतरी सांगायलाच लागतं.

"आम्ही कुठं शिकलो? बघून बघूनच शिकलो की!"

शिकला ना, मान्य. पण किती वर्षांत, आणि किती माल भंगारात घालून? तुमच्याबरोबर लागलेले आणि बघून बघून न शिकलेले निघून गेले, ते आज हे सांगायला इथं नाहीत. शिवाय उद्यमनगरच्या जुन्या शॉपमध्ये मालक स्वतः दिवसभर शेजारी उभा असायचा, चुकलं की पाठीत धपाटा आणि लगेच करून दाखवायचा. ते ट्रेनिंगच होतं, नाव नव्हतं एवढंच. आता मालक केबिनमध्ये आणि एका ऑपरेटरकडं दोन-दोन मशीन, बघायला शेजारी कोण आहे?

"डिस्पॅच थांबवून शिकवत बसू काय?"

माझ्याच बावीस जॉबचा हिशोब घालू. समजा एक जॉब ६०० रुपयांना पडतो, तर १३,२०० गेले, एका सकाळी. जुन्या ऑपरेटरचा तास समजा १५० चा धरला आणि त्यानं रोज दोन तास असे पाच दिवस त्या पोराला दिले, तर १,५००. मशीन थोडं हळू चाललं त्याचे अजून तेवढे धरा. तुमचे आकडे वेगळे असतील, घालून बघा.

आणि हे फक्त पैशाचं नाही. नवीन माणूस गरम मेटलजवळ, ग्राइंडरजवळ उभा असतोय. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनं कलम ७अ आलं, त्यात कामगाराच्या सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं मालकाची जबाबदारी असं स्पष्ट होतं. म्हणजे हे उपकार म्हणून करायचं नाहीये.

"शिकवलं की शेजारच्या कंपनीत पळतंय"

पळतात काही, खोटं कशाला बोलू. शेजारचा दोन हजार जास्त देतोय म्हटल्यावर कोण थांबणार, आणि कमी पगार ट्रेनिंगनं भरून निघत नाही, तिथं पगारच वाढवावा लागतो. पण पहिल्या पंधरा दिवसांत जाणारं पोरगं काही शिकून गेलेलं नसतंय, त्याला शिकवलंच कुठं होतं? ते जातंय घाबरून, नाहीतर अपमान होऊन. माझं ते पोरगं पगारासाठी गेलं नाही. आणि पळतील म्हणून कच्चंच ठेवायचं ठरवलं तर त्या कच्च्या हाताचं रिजेक्शन रोज तुमच्याच भंगारात पडणार आहे.

"आमच्यात दोनच माणसं, हे मोठ्या कंपन्यांचं काम"

उलट छोट्याला सोपं आहे. एचआर नको, पीपीटी नको, एक वही पुरते. मोठ्या कंपनीत ट्रेनिंगनंतर फॉर्म भरून घेतात, "ट्रेनिंग आवडलं का, पाचपैकी किती". अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, आणि धंद्याला फरक पडला का. फॉर्म पहिल्या पातळीवरच अडकतो. तुमच्या दोन माणसांच्या शॉपमध्ये तुम्ही थेट तिसरी पातळी बघू शकता, पोरगं हवा मारतंय का नाही, बघितलं की कळलं.

एक गोष्ट मात्र छोटे-मोठे सगळेच विसरतात, रात्रपाळी. दिवसा शिकवणारा असतो, दोस्त असतो, सुपरवायझर असतो, आणि आठवड्यानं त्याच पोराला नाईट लागते तेव्हा शॉपवर तीन माणसं, त्यातली दोन अनोळखी. रात्री अडीचला मशीननं अलार्म दिला तर ते कुणाला विचारणार? एकतर रिसेट दाबून पुढं चालवणार नाहीतर सकाळपर्यंत बसून राहणार. आम्ही आता नवीन माणसाच्या गेटपासच्या मागच्या बाजूला पेननं दोन नावं आणि मोबाईल नंबर लिहून देतो, एक दिवसाचं, एक रात्रीचं. रात्रीच्या नावाला आधी विचारून घेतो, बाबा फोन आला तर चिडणार नाहीस ना. परवा एक जण म्हणाला, "चिडणार, पण उचलणार." म्हटलं चालतंय, लिहितो तुझं नाव.